क्रॉफर्ड प्रकरण

मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचा आयुक्त आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड (१८३५–१९११) याच्यावर मामलतदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्यांसाठी लाच घेतल्याचे आरोप १८८८ मध्ये ठेवण्यात आले. त्या आरोपांची चौकशी, तिचा निकाल आणि सरकारच्या अभयवचनावर विसंबून साक्ष देणाऱ्या मामलतदारांच्या भवितव्याविषयी १८८९ मध्ये उद्‌भवलेला वाद, या सर्वांस मिळून क्रॉफर्ड प्रकरण असे म्हटले जाते. एका कर्तबगार पण उधळ्या अधिकाऱ्याच्या अधःपाताची हकीकत एवढेच या प्रकरणाचे महत्त्व नाही. लाच देणारा हा गुन्ह्यातील भागीदार मानावयाचा की अन्यायाचा बळी, आणि वरिष्ठाविरुद्ध खरे बोलणाऱ्या कनिष्ठास राज्यकर्त्यांनी दिलेला शब्द कितपत बंधनकारक असतो, हे दोन प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या प्रकरणाने प्रथमच ठळकपणे पुढे आणले.

मध्य विभाग व मामलतदार : त्या काळी मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नासिक व खानदेश हे जिल्हे मोडत असत. विभागाचा प्रमुख जो आयुक्त, त्याचे ठाणे पुण्यास असे. त्याच्या हाताखाली प्रत्येक जिल्ह्यास एक कलेक्टर आणि प्रत्येक तालुक्यास एक मामलतदार अशी रचना होती. एकट्या सोलापूर जिल्ह्यात सोलापूर, बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर व सांगोला असे सात तालुके होते.

मामलतदार हे पद पेशवाईतून चालत आलेले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलती मक्त्याने देण्याची पद्धत बळावली. अधिक बोली करणारास मामलत मिळे आणि तो आपला खर्च व नफा रयतेकडून वसूल करी. मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने जो अहवाल तयार केला, त्यात या मक्तेदारीच्या अनिष्ट परिणामांचे वर्णन आढळते. मामलतदारास मक्त्याऐवजी ठराविक वेतन देणे व त्यास कलेक्टरच्या देखरेखीखाली आणणे, ही नव्या राजवटीची या दोषावरील उपाययोजना होती. तिचा अभिमानाने उल्लेखही केला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मामलतदाराचे वेतन सामान्यतः दरमहा १५० ते २५० रुपये असे. त्या मानाने त्याचे अधिकार मोठे होते. जमीनमहसुलाची वसुली, तालुक्याचा खजिना, दंडाधिकाऱ्याचे काम आणि १८७६ च्या कायद्यान्वये जमिनीच्या ताब्याविषयीचे काही दावे एवढ्या गोष्टी त्याच्याकडे असत. १८७६–७८ च्या दुष्काळाची झळ ज्या जिल्ह्यांना तीव्रतेने बसली, त्यांत सोलापूर हा एक होता. अशा अवर्षणग्रस्त मुलखात वसुलीस मुदत मिळणे, तगाई मंजूर होणे किंवा दुष्काळी कामाची सोय होणे, या सर्व गोष्टी पुष्कळशा मामलतदाराच्या शिफारशीवर अवलंबून राहत. दुसऱ्या बाजूस १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आलेली रेल्वे व १८७७ मध्ये सुरू झालेली कापडगिरणी यांमुळे तेथील व्यापार वाढत होता. आज नवी पेठेसारख्या भागांत दिसणाऱ्या सोलापूरच्या व्यापारी वैभवाचा पाया याच काळातील. त्यामुळे एखाद्या भरभराटीच्या तालुक्यातील नेमणूक आणि एखाद्या कोरड्या, आडवळणाच्या तालुक्यातील नेमणूक यांत मामलतदाराच्या दृष्टीने मोठा फरक असे. ही नेमणूक व बदली आयुक्ताच्या हाती असे. क्रॉफर्ड प्रकरणातील व्यवहाराचे मूळ या अधिकारात सापडते.

क्रॉफर्डचा उदय : क्रॉफर्ड तरुणपणीच मुंबईच्या सनदी नोकरीत शिरला. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराच्या कारभारासाठी नगरपालिका आयुक्ताचे पद निर्माण करून त्यास व्यापक कार्यकारी अधिकार देण्यात आले. या पदावर क्रॉफर्डची पहिली नेमणूक झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी नुकतीच ओसरली होती आणि शहराची वस्ती बेसुमार वाढली होती. गटारे, रस्ते, पाणीपुरवठा व आरोग्य या बाबतींत त्याने झपाट्याने सुधारणा केल्या. त्याच्याच पुढाकाराने बांधलेली व १८६९ मध्ये पूर्ण झालेली मंडई पुढे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. विल्यम एमर्सन याने तिचा आराखडा केला होता आणि तिच्या दर्शनी भागातील शिल्पे लॉकवुड किपलिंग याची आहेत.

या कामांचा खर्च मात्र पालिकेच्या उत्पन्नास झेपण्यासारखा नव्हता. मंजुरीची वाट न पाहता खर्च करण्याची क्रॉफर्डची रीत होती आणि खर्चावर देखरेख ठेवणारी जस्टिस मंडळींची सभा त्यास आवर घालू शकली नाही. १८७१ मध्ये पालिकेची आर्थिक स्थिती उघडकीस येताच करदात्यांनी चळवळ केली आणि क्रॉफर्डला ते पद सोडावे लागले. त्या वेळी फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टराने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून क्रॉफर्डच्या कर्तृत्वाची बाजू घेतली आणि दोष एका व्यक्तीचा नसून सदोष रचनेचा आहे असे प्रतिपादन केले. या चळवळीतूनच मुंबई नगरपालिकेविषयीचा १८७२ चा कायदा निघाला व करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला.

मुंबईतील या अनुभवाने क्रॉफर्डच्या बढतीस कायमची आडकाठी आली नाही. पुढे तो मध्य विभागाच्या आयुक्तपदापर्यंत चढला. राहणी खर्चिक, वृत्ती दिलदार, कामाचा उरक दांडगा आणि देशी लोकांत सहजपणे मिसळण्याची सवय, असे त्याचे व्यक्तिमत्त्व होते. तो सतत कर्जात बुडालेला असे. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत मुंबईत जो बेहिशेबीपणा दिसून आला होता, तोच त्याच्या खाजगी व्यवहारातही होता. कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढावे आणि ते आपल्याच विभागातील सावकार व जहागीरदार यांच्याकडून काढावे, असा क्रम पडला. आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून अधिकाऱ्याने कर्ज घेऊ नये असा सरकारी नियम असल्यामुळे हा व्यवहार मध्यस्थांमार्फत चाले.

आरोप व अटक : या मध्यस्थांत हणमंतराव राघवेंद्र जागीरदार हा प्रमुख होता. आयुक्ताच्या बंगल्यावर त्याची सदैव ये-जा असे. इच्छित तालुका हवा असेल, बढती लवकर मिळावी असे वाटत असेल किंवा नको असलेली बदली टाळावयाची असेल, तर हणमंतरावाची गाठ घ्यावी, असा समज महसूल खात्यात रूढ झाला. काहींनी लाभासाठी स्वतः होऊन पैसे दिले. काहींची प्रथम दूरच्या किंवा गैरसोयीच्या ठिकाणी बदली होई आणि मग ती रद्द करण्याचे मोल सुचविले जाई. हा दुसरा प्रकार लाचेपेक्षा खंडणीच्या जवळ जाणारा होता. दोहोंचा भार अखेरीस कोणावर पडत असावा, हे उघड होते. ज्या अधिकाऱ्यास वर्षाच्या वेतनाचा मोठा भाग पद टिकविण्यासाठी मोजावा लागतो, तो ती रक्कम तालुक्यातूनच भरून काढण्याच्या मोहात पडतो. मामलतीचा मक्ता बंद झाला म्हणून ज्या राजवटीने समाधान मानले, तिच्याच विभागीय कचेरीत तो वेगळ्या रूपाने परत आला होता.

या व्यवहाराची कुजबुज पुण्यात बराच काळ चालू होती. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे (कारकीर्द १८८५–९०) याने तिची दखल घेतली आणि ओमॅनी या अधिकाऱ्याकडे गुप्त तपास सोपविला. तपासातील मुख्य अडचण पुराव्याची होती. लाच देणे हाही भारतीय दंडसंहितेप्रमाणे गुन्ह्यास साहाय्य ठरत असल्यामुळे ज्यांना सर्व माहीत होते, ते मामलतदार बोलण्यास तयार नव्हते. खरे सांगितल्यास नोकरी व अब्रू दोन्ही जाणार आणि क्रॉफर्ड सुटल्यास पुन्हा त्याच्याच हाताखाली दिवस काढावे लागणार, ही त्यांची भीती होती. म्हणून सत्य सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही आणि त्याच्या नोकरीसही धक्का लागणार नाही, असे वचन मुंबई सरकारच्या वतीने देण्यात आले. त्यानंतर अनेक मामलतदारांनी कबुलीजबाब दिले. पुढील सर्व वादाचे बीज या वचनात होते.

जुलै १८८८ मध्ये क्रॉफर्डला निलंबित करण्यात आले. तेव्हा तो गुप्तपणे पुणे सोडून मुंबईस गेला. तेथे त्यास पकडण्यात आले. कालपर्यंत सहा जिल्ह्यांवर सत्ता चालविणारा अधिकारी पळून जाताना सापडला, या वृत्ताने इलाखाभर खळबळ उडाली.

चौकशी व निर्णय : प्रथम हणमंतरावावर खटला चालून त्यास कारावासाची शिक्षा झाली. क्रॉफर्डवर मात्र फौजदारी खटला भरण्यात आला नाही. सरकारी नोकरांच्या वर्तनाच्या चौकशीसाठी १८५० मध्ये जो कायदा झाला होता, त्यान्वये तीन सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन हे त्याचे अध्यक्ष असून इतर दोघे सनदी नोकरीतील ज्येष्ठ अधिकारी होते. आयोगाचे काम १८८८ च्या अखेरच्या महिन्यांत पुण्यास चालले. साक्षीदारांत मामलतदारांचा भरणा मोठा होता. एकामागून एक शपथेवर उभे राहून आपण कोणत्या कामासाठी व कोणामार्फत पैसे दिले हे त्यांनी सांगितले. अशा प्रकारची जाहीर कबुली देशी अधिकाऱ्यांनी युरोपीय वरिष्ठाविरुद्ध देण्याचा प्रसंग दख्खनमध्ये यापूर्वी आलेला नव्हता.

लाच घेतल्याच्या आरोपांतून आयोगाने क्रॉफर्डला दोषमुक्त ठरविले. साक्षीदार हे स्वतःच गुन्ह्यातील भागीदार होते. अभयवचनामुळे त्यांचा स्वार्थ साक्षीत गुंतला होता. मध्यस्थाच्या हाती पडलेला पैसा आयुक्तापर्यंत पोहोचला याचा स्वतंत्र पुरावा पुरेसा नव्हता, अशा स्वरूपाचे आक्षेप या पुराव्यावर घेतले गेले. अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेऊन सरकारी नियमांचा भंग केल्याचा आरोप मात्र शाबीत झाला. मुंबई सरकारला हा निष्कर्ष मान्य नव्हता. लॉर्ड रे याच्या मते लाचलुचपतीचा आरोपही सिद्ध झाला होता. अखेर भारतमंत्री लॉर्ड क्रॉस याने लाचेबाबत आयोगाचा निर्णय ग्राह्य धरला आणि कर्जाच्या गैरवर्तनाबद्दल क्रॉफर्डला १८८९ मध्ये सनदी नोकरीतून दूर करण्यात आले.

ज्या व्यवहारासाठी मध्यस्थ तुरुंगात गेला, त्याच व्यवहारातून मूळ अधिकारी सुटला, ही विसंगती लोकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अशक्य नव्हती. अधिकाऱ्यावरील वजन वापरण्याचे आमिष दाखवून मध्यस्थाने पैसे घेतले हे सिद्ध होणे वेगळे आणि त्या अधिकाऱ्यानेच ते घेतले हे सिद्ध होणे वेगळे. मध्यस्थाची योजना नेमकी याच दोन गोष्टींतील अंतर राखण्यासाठी केलेली असते. तथापि हणमंतराव सामान्य न्यायालयासमोर व क्रॉफर्ड आयोगासमोर, हा भेदही या विसंगतीत भर घालणारा होता. युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांच्या खटल्यांविषयीच्या विशेष हक्कांवरून इल्बर्ट विधेयकाचा वाद होऊन पाच वर्षेच झाली होती आणि त्या वादाची कटुता अद्यापि ताजी होती.

मामलतदारांचा प्रश्न : क्रॉफर्डचा निकाल लागताच सर्वांचे लक्ष मामलतदारांकडे वळले. ज्यांनी लाच दिल्याचे शपथेवर कबूल केले, ते तालुक्याचे दंडाधिकारी म्हणून इतरांच्या अपराधांचा न्याय कसा करणार, असा आक्षेप अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी घेतला आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्येही त्याचा प्रतिध्वनी उमटला. हा आक्षेप केवळ द्वेषमूलक म्हणता येणार नाही. त्यात तथ्य होते. मुंबई सरकारने दिलेले अभयवचन त्याच्या अधिकाराबाहेरचे होते, अशी भूमिका वरिष्ठ सरकारने घेतली.

पुण्यात या प्रश्नावर बाळ गंगाधर टिळक यांनी पुढाकार घेतला. लोकजागृतीच्या क्षेत्रात ते तेव्हा नवखे नव्हते. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध प्रसिद्ध केलेला मजकूर खोट्या पत्रांवर आधारलेला निघाल्यामुळे १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना १०१ दिवसांचा कारावास भोगावा लागला होता. सत्ताधाऱ्याविरुद्ध आरोप करणाऱ्यावर पुराव्याची केवढी जबाबदारी येते, याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. मामलतदारांचे वर्तन निष्कलंक होते असा त्यांचा दावा नव्हता. सरकारने वचन दिले, त्या वचनावर विसंबून या लोकांनी आपली अब्रू पणास लावली, आता साक्षीचा उपयोग करून घेतल्यावर वचन मोडणे हा विश्वासघात आहे. आणि एकदा असे घडले की पुढे कोणीही कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाच्या गैरकृत्याविरुद्ध तोंड उघडणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. केसरी व मराठा या पत्रांतून हा विषय लावून धरण्यात आला. सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली. विलायतेत विल्यम डिग्बी व पार्लमेंटचे सदस्य चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यापर्यंत मामलतदारांची बाजू पोहोचविण्यात आली.

सरकारने अखेर मधला मार्ग स्वीकारला. साक्षीतील कबुलीच्या आधारे या साक्षीदारांवर खटले वा दावे चालू नयेत, यासाठी १८८९ मध्ये संरक्षणाचा कायदा करण्यात आला. नोकरीच्या बाबतीत मात्र भेद करण्यात आला : ज्यांनी दडपणाखाली पैसे दिले होते त्यांना सेवेत ठेवावे आणि ज्यांनी स्वतःच्या लाभासाठी ते दिले होते त्यांना दूर करावे, असे धोरण ठरले. त्यानुसार काही मामलतदारांना नोकरी गमवावी लागली. दडपण व लाभ यांतील सीमारेषा कागदावर जितकी स्पष्ट दिसते तितकी ती व्यवहारात नव्हती. नको असलेली बदली टाळणे हा लाभ होता आणि दडपणही. परिणामी, गप्प राहिलेले बचावले आणि बोललेल्यांतील काही गेले, असा विपरीत अनुभव महसूल खात्याच्या पदरी आला.

क्रॉफर्डचे उत्तरायुष्य : बडतर्फीनंतर क्रॉफर्डने लेखनाकडे लक्ष वळविले. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग व राजकीय अशांतता यांच्या पार्श्वभूमीवर त्याने पुणे व दख्खनमधील घडामोडींविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुण्यातील ब्राह्मणवर्गाविषयीचा त्याचा रोष त्यात उघड दिसतो. कोकणातील दंतकथांचा त्याचा संग्रहही प्रसिद्ध आहे. १९११ मध्ये तो मरण पावला. मुंबईतील त्याच्या नावाच्या मंडईस पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव देण्यात आले. शेतकऱ्याला नाडणाऱ्या सरकारी कामगारांचे वर्णन करताना ज्यांची लेखणी विशेष तीक्ष्ण होत असे, त्या फुल्यांचे नाव तेथे यावे हा एक अर्थपूर्ण योगायोग होय.

महत्त्व : उच्चपदस्थाच्या भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागल्याचे क्रॉफर्ड प्रकरण हे पहिले उदाहरण नव्हे. वॉरन हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप करणारा महाराजा नंदकुमार यास बनावट दस्तऐवजाच्या खटल्यात १७७५ मध्ये फाशी देण्यात आले. पुढे १७८८ मध्ये हेस्टिंग्जवर पार्लमेंटपुढे महाभियोग सुरू झाला आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. बरोबर शंभर वर्षांनी पुण्यात भरलेल्या चौकशीत साक्षीदारांना निदान कायद्याचे अंशतः संरक्षण मिळाले, एवढा फरक पडला होता. तो घडवून आणण्यात वृत्तपत्रे व जाहीर सभा यांच्या रूपाने व्यक्त होणाऱ्या लोकमताचा वाटा मोठा होता. टिळकांच्या सार्वजनिक कार्याच्या दृष्टीनेही हे प्रकरण महत्त्वाचे ठरले. इंग्रजी राज्यकर्त्यांना त्यांच्याच वचनाच्या व न्यायतत्त्वांच्या आधारे जाब विचारण्याची पद्धत त्यांनी येथे अवलंबिली व पुढे ती अधिक व्यापक प्रश्नांना लावली.

या प्रकरणाने उपस्थित केलेला कायद्याचा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातही राहिला. १९५२ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम १६५-अ घालून लाच घेण्यास साहाय्य करणाऱ्या कृत्यास स्वतंत्र अपराध ठरविण्यात आले. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात लाच दिल्याचे निवेदन करणाऱ्यास त्या निवेदनापुरते संरक्षण होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढून घेण्यात आले. मात्र ज्यास लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेस कळविल्यास तो अपराधी ठरणार नाही, अशी तरतूद करण्यात आली. दडपणाखाली देणारा व लाभासाठी देणारा हा जो भेद १८८९ मध्ये मामलतदारांबाबत चाचपडत करण्यात आला होता, तोच येथे निश्चित मुदतीच्या अटीने बांधलेला दिसतो. बदल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन करणारा अधिनियम संमत झाला. शासकीय कर्मचाऱ्याचा एका पदावरील सामान्य कालावधी ठरविणे व मुदतपूर्व बदलीसाठी कारणे नोंदविणे, ही त्याची मुख्य सूत्रे होत. बदली ही एकाच वरिष्ठाच्या मर्जीवर राहिली की तिला बाजारभाव येतो, हे क्रॉफर्डच्या कचेरीने दाखवून दिले होते.

फिरोजशहा मेहतांनी १८७१ मध्ये दोष रचनेकडे दाखविला होता. अनियंत्रित अधिकार हाती असलेला कर्तबगार माणूस मुंबईत खर्चाच्या बाबतीत आणि पुण्यात नेमणुकांच्या बाबतीत मर्यादा ओलांडून गेला. पहिल्या वेळी रचना बदलण्यात आली, म्हणून मुंबईस निर्वाचित नगरपालिका लाभली. दुसऱ्या वेळी माणूस दूर करण्यात आला, साक्षीदारांपैकी काही दूर करण्यात आले, पण नेमणुका व बदल्या यांवरील विभागीय आयुक्ताची सत्ता पूर्ववत राहिली. त्यामुळे क्रॉफर्डच्या पतनाने एका अधिकाऱ्याची कारकीर्द संपली. सोलापूर वा साताऱ्याच्या तालुक्यातील रयतेस मात्र त्या निकालातून मिळालेले संरक्षण अल्प होते.